अंत्यावस्था-शुश्रूषेतील समाजकार्य

अंत्यावस्था-शुश्रूषेतील समाजकार्य : रोग बरा होण्याची शक्यता मावळलेल्या रुग्णाचे उरलेले आयुष्य शक्य तितके वेदनारहित व सन्मानाचे व्हावे, तसेच त्याच्या कुटुंबीयांना या काळात आणि मृत्यूनंतरच्या शोककाळात आधार मिळावा, यासाठी समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी करावयाचे कार्य. ही वैद्यकीय समाजकार्याची एक उपशाखा मानली जाते. अशा रुग्णांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेस ‘हॉस्पिस’ ही संज्ञा रूढ आहे. आज ती केवळ इमारतीपुरती मर्यादित नसून रुग्णालयातील स्वतंत्र कक्षाला आणि रुग्णाच्या घरी जाऊन दिलेल्या सेवेलाही लावली जाते. रोगाच्या कोणत्याही टप्प्यावर, मूळ उपचारांच्या जोडीनेही, देता येणाऱ्या वेदनाहारक व आधारपर सेवेला ‘उपशामक शुश्रूषा’ म्हणतात. हॉस्पिस-सेवा हा तिचा अखेरचा टप्पा होय.

हॉस्पिसमधील डॉक्टरांचे व परिचारिकांचे काम सहज ध्यानात येते. समाजकार्यकर्त्याचे काम मात्र अर्ज भरून देणे व मदतनिधी मिळवून देणे एवढेच आहे, असा समज सर्वसामान्यांत, आणि काही रुग्णालयांतही, आढळतो. हा समज अपुरा आहे. आधुनिक हॉस्पिस-सेवेची कल्पना मुळात एका समाजकार्यकर्तीच्या अनुभवातून निघाली आणि तिची वाढही रोग्याकडे कुटुंबाचा व समाजाचा घटक म्हणून पाहण्याच्या दृष्टीतून झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपात यात्रेकरू, वाटसरू व आजारी यांना आसरा देणाऱ्या मठांना हॉस्पिस म्हणत. रुग्णालयातील समाजकार्याचा उगम मात्र निराळा आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने १८९५ मध्ये मेरी स्ट्यूअर्ट यांची ‘आल्मनर’ या पदावर नेमणूक केली. ऐपत असलेले लोक मोफत उपचारांचा गैरफायदा घेत नाहीत ना, हे पाहणे हा या नेमणुकीचा एक प्रमुख हेतू होता. या चौकशीच्या निमित्ताने रुग्णाच्या घरची स्थिती रुग्णालयाच्या दप्तरात येऊ लागली आणि पहारेकऱ्याच्या पदातून हळूहळू साहाय्यकाचे पद घडले. अमेरिकेत रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या पुढाकाराने बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ मध्ये असेच काम सुरू झाले.

सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकेचे शिक्षण घेतले. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्याने त्या आल्मनर झाल्या. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात काम करीत असताना डेव्हिड टास्मा या पोलंडहून आलेल्या ज्यू रुग्णाशी त्यांचा परिचय झाला. त्याला असाध्य कर्करोग होता आणि परक्या देशात जवळचे कोणी नव्हते. अशा माणसांना मरण्यासाठी कशी जागा असावी, याविषयी दोघांत पुष्कळ बोलणे होई. १९४८ मध्ये टास्मा वारला; त्याने आपल्यामागे पाचशे पौंड साँडर्स यांच्या नियोजित वास्तूसाठी ठेवले होते. मरणाऱ्यांच्या वेदनेविषयी डॉक्टरांनी ऐकावे तर आपण डॉक्टरच व्हावयास हवे, हे ओळखून साँडर्स यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व १९५७ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यांनी स्थापन केलेले सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झाले आणि १९६९ पासून तेथील पथके रुग्णांच्या घरी जाऊ लागली. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने वृद्धांच्या आरोग्यविम्यात हॉस्पिस-सेवेचा समावेश झाला. तेथे वैद्यकीय समाजकार्य हे हॉस्पिसने पुरवावयाच्या मूलभूत सेवांपैकी एक ठरविण्यात आले.

भारतातील व महाराष्ट्रातील आरंभ : समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची भारतातील पहिली संस्था मुंबईत १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली; हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची पहिली नेमणूक झाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण येत. त्यांतील पुष्कळजण रोग फार पुढे गेल्यावरच येत. ‘आता येथे करण्यासारखे काही उरले नाही’ असे सांगून ज्यांना परत पाठवावे लागे, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न रुग्णालयासमोर सतत उभा असे.

मदर तेरेसा यांनी कोलकात्यात १९५२ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्मल हृदय’ या गृहाने रस्त्यावर मरणाऱ्यांना आसरा दिला. वेदनाशमनाची वैद्यकीय व्यवस्था असलेले भारतातील पहिले हॉस्पिस मात्र मुंबईत निघाले. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये वांद्रे येथे माउंट मेरीच्या टेकडीवर ‘शांती अवेदना सदन’ सुरू झाले. येथे प्रगत अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांना जात, धर्म वा ऐपत न पाहता विनामूल्य ठेवून घेतले जाते. संस्थेच्या शाखा पुढे गोव्यात व दिल्लीत निघाल्या. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला कंपनीच्या न्यासाने उपशामक शुश्रूषेचे केंद्र उभारले. तेथे रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात आणि शुश्रूषा शिकवून दोघांना घरी पाठवितात. भारतीय उपशामक शुश्रूषा संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली.

केरळात १९९३ मध्ये कालिकत येथे निघालेल्या वेदनाशमन केंद्राने वेगळा मार्ग धरला. पाळीने रुग्णांच्या घरी जाणारे, शेजारपाजारातून निवडलेले स्वयंसेवक हा त्या कामाचा कणा झाला आणि २००८ मध्ये राज्य शासनाने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. केरळच्या यशावरून, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याची गरजच नाही, असा निष्कर्ष काही वेळा काढला जातो. तो बरोबर नाही. स्वयंसेवक सोबत करतो, निरोप पोहोचवितो, वर्गणी जमवितो; परंतु घरातील भांडण, लपविलेले कर्ज किंवा आत्महत्येचा विचार समोर आला म्हणजे या कामात मुरलेले माणूस लागते.

संपूर्ण वेदनेची कल्पना : साँडर्स यांनी मांडलेली ‘संपूर्ण वेदने’ची कल्पना या क्षेत्रातील समाजकार्याचा पाया आहे. तीनुसार रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही अंगांनी एकाच वेळी भोगली जाते आणि एका अंगाकडे दुर्लक्ष झाल्यास दुसऱ्यावरील उपचार निष्फळ ठरतात. औषधाची मात्रा वाढवूनही ज्याचे दुखणे रात्री थांबत नाही, अशा रुग्णाला मुलीचे लग्न राहिल्याची किंवा भावाशी तुटलेल्या संबंधाची खंत डाचत असते, असे वारंवार आढळते. अर्थात याचा उलट अर्थ घेऊन दुखणे ‘मनाचे’ ठरविणे घातक होय. शारीरिक वेदना आटोक्यात आल्याशिवाय रुग्णाशी कोणतेही बोलणे होऊ शकत नाही. म्हणून मॉर्फीनविषयीची भीती घालविणे हे समाजकार्यकर्त्याचेही काम ठरते. मॉर्फीन अफूपासून मिळते, त्यामुळे ‘माणूस व्यसनी होईल’ किंवा ‘हे औषध सुरू झाले म्हणजे शेवट आला’ अशा समजुतींनी घरचे लोक गोळ्या लपवून ठेवतात वा चुकवितात. वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फीनने व्यसन लागण्याची उदाहरणे विरळा आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे हे औषध वर्षानुवर्षे दुर्मिळ झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सुकर केले. तरीही सर्वसाधारण औषधाच्या दुकानात ते सहसा नसते. त्यामुळे ठराविक दिवशी मान्यताप्राप्त केंद्रावर जाऊन गोळ्या कोण आणील, हे ठरवून देण्यासारखी साधी गोष्टही कार्यकर्त्याच्या नोंदवहीत महत्त्वाची असते.

सत्यकथनाचा प्रश्न : भारतीय परिस्थितीत या कामातील सर्वांत अवघड भाग हाच आहे. निदान प्रथम रुग्णाला नव्हे, तर बाहेर बसलेल्या मुलाला, जावयाला किंवा थोरल्या भावाला सांगितले जाते आणि लगोलग ‘त्यांना काही सांगू नका, ते खचतील’ अशी विनंती येते. या विनंतीमागे प्रेमच असते. परंतु पुढे जे घडते ते क्लेशदायक असते. रुग्णाला शरीरावरून, औषधांवरून व नातेवाइकांच्या अकस्मात वाढलेल्या येण्याजाण्यावरून बहुतेक सारे उमगलेले असते. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून तोही काही विचारीत नाही. एकाच खोलीत राहणारी माणसे परस्परांपासून एकच गोष्ट लपवीत राहतात. ज्या दिवसांत निरोपाचे बोलणे व्हावयाचे, ते दिवस ‘उद्या बरे वाटेल’ या वाक्यात संपतात.

अशा वेळी घरच्यांना डावलून रुग्णाला सत्य ऐकविणे हा उपाय नव्हे. तसेच घरच्यांच्या खोटेपणात सामील होणे हाही नव्हे. कार्यकर्ता प्रथम कुटुंबीयांना स्वतंत्रपणे बसवून त्यांना नेमकी कशाची भीती वाटते, हे विचारतो. पूर्वी घरात कोणाचा असा मृत्यू झाला होता का, सांगितल्यावर त्याने अन्न सोडले होते का, हे बाहेर आले म्हणजे विरोधाचे कारण कळते. नंतर तो रुग्णाला ‘आजाराविषयी तुम्हांला काय सांगितले आहे ?’ आणि ‘आणखी जाणून घ्यावेसे वाटते का ?’ असे दोन प्रश्न विचारतो. काही रुग्ण ‘माझ्या मुलाला विचारा, तो पाहतो’ असे म्हणतात. हेही एक उत्तरच आहे व त्याचा मान राखावयाचा असतो. जाणून घेण्याचा हक्क जसा रुग्णाचा आहे, तसाच न जाणण्याचाही. मात्र तो रुग्णाने स्वतः वापरावयाचा असतो, इतरांनी त्याच्या वतीने नव्हे. वैद्यकीय निदान सांगणे हे डॉक्टरांचे काम. ते ऐकल्यानंतरच्या शांततेत जवळ बसून राहणे हे बहुधा समाजकार्यकर्त्याच्या वाट्याला येते. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या नकार, संताप, घासाघीस, विषाद व स्वीकार या पाच अवस्था अभ्यासक्रमांतून शिकविल्या जातात. प्रत्यक्षात त्या क्रमाने येतातच असे नाही आणि त्यांची शिडी करून रुग्णाला ‘स्वीकारा’पर्यंत चढविण्याचा खटाटोप करू नये.

लहान मुलांचा विचार याच ठिकाणी करावयास हवा. आई वा वडील मरणोन्मुख असताना मुलांना मामाच्या गावी पाठविण्याची रीत आहे. परत आल्यावर त्यांना मोकळी खाट दिसते. मुलांना त्यांच्या वयाला समजेल अशा शब्दांत आधी सांगणे, आजाऱ्याला पाणी देण्यासारखे एखादे छोटे काम त्यांच्याकडे सोपविणे आणि ‘माझ्यामुळे असे झाले का ?’ ही त्यांच्या मनातील न बोललेली शंका दूर करणे, हे कार्यकर्ता घरच्यांना शिकवितो.

पैसा, कर्ज व कागदपत्रे : असाध्य रोगात कुटुंबाचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा अखेरच्या काही महिन्यांत होते. आशा सुटत नाही, आणि न केल्याबद्दल भावकी नावे ठेवील ही धास्तीही असते. त्यापोटी दागिने मोडले जातात, पतसंस्थेचे कर्ज काढले जाते, जमिनीचा तुकडा विकला जातो. हमखास गुणाची ग्वाही देणाऱ्या औषधांवरही पैसा जातो. पुढील उपचाराने आयुष्य किती वाढेल व त्या वाढीव दिवसांत रुग्ण कोणत्या स्थितीत असेल, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करवून घेऊन ते जमीन विकण्यापूर्वी कुटुंबासमोर मांडणे, ही समाजकार्यकर्त्याची मोठीच कामगिरी होय. निर्णय अर्थातच कुटुंबाचा असतो. एखादा मुलगा सर्व जाणूनही विक्री करतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही.

शासकीय साहाय्याची माहिती कार्यकर्त्याला तोंडपाठ असावी लागते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरच्या अंथरुणावरील खर्च, म्हणजे पाण्याची गादी, मलमपट्टीचे सामान, डायपर, तिच्यात बसत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगासारख्या दुर्धर आजाराने उदरनिर्वाह करू न शकणाऱ्यांचा समावेश आहे; २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो व त्यास उत्पन्नाचा आणि वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. तो समितीपुढे जाऊन मंजूर होईपर्यंत रुग्ण उरलेला नसतो, असेही घडते. म्हणून निदानाच्या दिवशीच अर्जाची तयारी करणे शहाणपणाचे ठरते. धर्मादाय रुग्णालयांतील खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखण्याचे बंधन आहे. मुंबईस येणाऱ्यांच्या निवासासाठी परळ येथील नाना पालकर स्मृती समिती, दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या संस्थांचा आधार मोठा आहे.

मृत्युपत्र, बँक व टपाल खात्यांवरील नामनिर्देशन, निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे या गोष्टी रुग्ण शुद्धीवर असतानाच व्हावयास हव्यात. तसे न झाल्यास विधवेला सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावण्यासाठी दिराच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, परंतु दोन साक्षीदार अवश्य लागतात. कार्यकर्त्याने स्वतः साक्षीदार न होणे बरे. वाद उद्भवल्यास कुटुंबातील एका पक्षाचा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. कुटुंबात हा विषय काढणे अशुभ मानतात. ‘बाबांच्या नावावर काय आहे ?’ असे विचारणारी सून लोभी ठरते. तोच प्रश्न बाहेरच्या माणसाने रीतसर विचारला तर कोणाला राग येत नाही.

ग्रामीण भागातील स्वरूप : हॉस्पिस शहरात आणि रुग्ण गावात, अशी महाराष्ट्राची स्थिती आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारखे बाजारपेठेचे गाव विचारात घेतल्यास तिचे स्वरूप ध्यानात येते. या गावाचा संबंध भादोले, खोची, कुंभोज अशा आसपासच्या खेड्यांशी रोजच्या व्यवहारातून येतो. कोल्हापूर व मिरज येथे किरणोपचारांची सोय झाल्यापासून या भागातील पुष्कळ रुग्णांना मुंबई गाठावी लागत नाही. तरी दुसरे मत घेण्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने परळची वारी केलेली कुटुंबे अनेक असतात. उपचार संपल्यावर रुग्ण घरी येतो, आणि येथून पुढे त्याची नोंद कोठेच राहत नाही. रुग्णालयाच्या दृष्टीने तो गेलेला असतो. गावच्या डॉक्टरांकडे मॉर्फीन नसते. राहतात ती घरची माणसे, बहुधा पत्नी किंवा सून.

तंबाखू व मिसरी यांच्या वापरामुळे या प्रदेशात मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ आढळतात. या रोगात चेहऱ्यावरची जखम चिघळते, दुर्गंधी सुटते, बोलणे बंद होते. रोग संसर्गजन्य असल्याच्या गैरसमजुतीने ताट-तांब्या वेगळा होतो, खाट सोप्यातून गोठ्याकडे सरकते आणि नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. रुग्णाला वेदनेपेक्षा ही दूरता अधिक लागते. गृहभेटीस आलेली परिचारिका जखम धुऊन, दुर्गंधी कमी करणारे औषध लावून ती झाकते. समाजकार्यकर्ता त्याच वेळी घरच्यांसमोर रुग्णाच्या खाटेवर बसतो, त्याचा हात हातात घेतो, त्या घरातला चहा घेतो. हा रोग स्पर्शाने होत नाही, हे सांगण्यापेक्षा अशा वागण्याने लवकर पटते. बोलणे बंद झालेल्यास पाटी-पेन्सिल देणे, निरक्षर असल्यास खुणा ठरवून देणे, हेही त्याचेच काम.

शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. रात्रीचे जागरण, दिवसा जनावरे व शेतावरची मजुरी यांत तिचे स्वतःचे दुखणे अंगावर निघते. आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे अशी पाळी लावून देणे, हा साधा उपाय फार गुणकारी असतो. कोल्हापूरकडील तालीम मंडळे, भजनी मंडळे व महिला बचतगट यांच्याकडे यासाठी माणसे व वर्गणी जमविण्याची सवय आहे; तिचा उपयोग या कामाला अद्याप पुरेसा करून घेतलेला नाही. आरोग्यकेंद्रांच्या विस्तारित सेवांत २०१८ पासून उपशामक शुश्रूषेचा समावेश केला असून अंथरुणाला खिळलेल्यांची माहिती ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत मिळावी, अशी अपेक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सु. ५ कोटी ६८ लक्ष लोकांना अशा शुश्रूषेची गरज असते व त्यांपैकी केवळ सु. १४ टक्क्यांना ती मिळते.

धर्म, रूढी व कायदा : अखेरच्या क्षणी मुखात तुळशीपत्र व पाणी घालणे, कलमा ऐकविणे, धर्मगुरूला बोलावून तैलाभ्यंगाचा विधी करणे या गोष्टी वेळेवर व्हाव्यात, अशी इच्छा जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती आधी विचारून ठेवावी लागते. ‘मला घरी न्या’ ही मागणीही पुष्कळदा अशाच इच्छेतून येते. अतिदक्षता कक्षात नळ्यांनी बांधलेल्या माणसाच्या बाबतीत ती पुरी करणे दुर्घट होते.

दक्षिण महाराष्ट्रात जैन समाजाची वस्ती मोठी आहे. हातकणंगले तालुक्यातच कुंभोजजवळ बाहुबली हे क्षेत्र आहे. त्यामुळे सल्लेखनेचा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही. याच सीमाभागात जन्मलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखनेने देह ठेवला. विनोबा भावे यांनीही १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषधे सोडून देहत्याग केला. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सल्लेखना बेकायदा ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्या निर्णयास स्थगिती दिली. रुग्णाने अन्न नाकारल्यास ते विचारपूर्वक घेतलेले व्रत आहे, रोगामुळे मंदावलेली भूक आहे, की ‘मी घरावर भार झालो’ या भावनेतून आलेली निराशा आहे, हे ओळखणे कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. तिन्हींची बाह्य लक्षणे सारखीच असतात. फरक केवळ संभाषणातून कळतो, आणि तोही एका भेटीत नव्हे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयापासून जीवरक्षक उपचार थांबविण्याचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय निर्देशास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर केलेला व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला निर्देश आता पुरेसा असतो. उपचार नाकारणे व मृत्यू घडवून आणणे यांतील भेद कुटुंबाला समजावून देणे अगत्याचे असते. तो न कळल्याने ‘आपण मारले’ ही टोचणी मागे राहते.

शिक्षण व स्थान : वैद्यकीय समाजकार्याचे शिक्षण मुंबई, पुणे, कोल्हापूर इ. ठिकाणच्या समाजकार्य महाविद्यालयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून मिळते. शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद आहे. परंतु त्याच्यावर अनेक विभागांचा भार असल्याने मरणोन्मुख रुग्णाजवळ तासभर बसणे त्याला परवडत नाही. व्यवसायाला कायदेशीर दर्जा दीर्घकाळ नव्हता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याच्या परिशिष्टात वैद्यकीय व मनोरुग्णविषयक समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे. सततच्या मृत्युदर्शनाने कार्यकर्त्यालाही थकवा येतो. चांगल्या संस्थांत त्यासाठी पथकाची नियमित बैठक असते व तीत गेलेल्या रुग्णांविषयी मोकळेपणाने बोलले जाते.

शोककाळातील कार्य : मृत्यूबरोबर वैद्यकीय सेवा संपते, समाजकार्य संपत नाही. घरी झालेल्या मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत वा ग्रामपंचायतीत करावी लागते व त्यासाठी डॉक्टरांचा मृत्युकारणाचा दाखला हवा असतो. तो कोण देईल हे आधीच ठरवून ठेवलेले बरे. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या मोजून परत घ्याव्या लागतात, पाण्याची गादी पुढच्या रुग्णासाठी न्यावयाची असते. या किरकोळ कामांच्या निमित्ताने पहिली भेट होते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरा एकाकीपणा त्यानंतर येतो. म्हणून दुसरी भेट महिन्या-दीड महिन्याने ठेवतात. झोप, भूक, मुलांची शाळा, कर्जाचे हप्ते, वारस नोंद आणि विधवेला मिळणारी सासर-माहेरची वागणूक यांची विचारपूस तीत होते. एखाद्या घरी शोक लांबला किंवा जगण्याची इच्छाच सरल्याची चिन्हे दिसली, तर मनोविकारतज्ञाकडे पाठविले जाते. पाश्चात्त्य हॉस्पिसांप्रमाणे येथेही काही संस्था वर्षभर कुटुंबाशी संबंध ठेवतात. वर्षश्राद्धाच्या सुमारास अखेरची भेट होते व त्या रुग्णाची नोंदवही मिटविली जाते.